अपिलातून केस पुन्हा खालच्या कोर्टात: रिमांड, जादा पुरावा आणि खर्चाचा हुकूम कसा वाचावा

जिल्हा कोर्टात अपिलाचा निकाल लागतो. वकीलसाहेब फोनवर सांगतात, "अपील अलाऊ झालं, मॅटर रिमांड झालं." घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो अल्हमदुलिल्लाह, जिंकलो. दुसरा म्हणतो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून तारखा? काही घरांत तर रिमांड म्हटलं की पोलीस कोठडीच आठवते आणि अम्मी घाबरून जाते. दिवाणी केसमधल्या रिमांडचा पोलीस कोठडीशी काडीचा संबंध नाही. वरच्या कोर्टाने प्रकरण खालच्या कोर्टाकडे पुन्हा निर्णयासाठी पाठवणं, एवढाच त्याचा अर्थ.

हा जिंकण्याचा निकाल नाही आणि हरण्याचाही नाही. पण त्यात कुठला प्रश्न उघडा ठेवला, कुठला बंद केला, कुणी किती खर्च कधीपर्यंत भरायचा आणि खाली हजर राहायची तारीख कोणती, हे सगळं लिहिलेलं असतं. आपल्याकडची अनेक कुटुंबं हा हुकूम वाचतच नाहीत. वाटपाचा दावा असो, हिबाचा वाद असो की शेजाऱ्याशी हद्दीचं भांडण असो, नुकसान होतं ते तिथे. म्हणून हा लेख थोडा सविस्तर.

आधी कायद्याची चौकट. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ (वकील मंडळी तिला सीपीसी म्हणतात) हिच्या कलम १०७ मध्ये अपील कोर्टाचे चार अधिकार दिले आहेत: केसचा अंतिम निर्णय स्वतः करणं, केस परत पाठवणं, एखादा मुद्दा काढून तेवढाच तपासायला खाली पाठवणं आणि जादा पुरावा घेणं किंवा घ्यायला सांगणं. तपशील ऑर्डर ४१ मध्ये आहे. बोलताना आपण या सगळ्याला सरसकट 'केस खाली गेली' म्हणतो, पण प्रत्येक प्रकाराचा परिणाम निराळा आहे.

शाळेच्या भाषेत सांगतो. एका मुलाचा पेपर न तपासताच बाजूला ठेवला, कारण तो उशिरा आला असं परीक्षकाचं म्हणणं होतं. वरून आदेश आला की पेपर वेळेतच होता, आता तपासा. हा पहिला प्रकार. दुसऱ्या मुलाचा पेपर तपासला, पण परीक्षाच इतकी सदोष झाली होती की ती पुन्हा घ्या असं सांगण्यात आलं. तिसऱ्याचा पेपर ठीक तपासला, फक्त पाचवा प्रश्न राहून गेला. तेवढा तपासून गुण वर पाठवा, बेरीज आम्ही करतो. चौथ्याने एक पुरवणी जोडली होती ती गहाळ झाली, ती आता जोडू द्या. कोर्टात साधारण हेच घडतं.

पहिला प्रकार म्हणजे रूल २३. खालच्या कोर्टाने दावा एखाद्या प्राथमिक मुद्द्यावरच निकाली काढला, उदाहरणार्थ दावा मुदतबाह्य आहे म्हणून फेटाळला आणि मूळ वादाला हातच घातला नाही. अपिलात ते चुकीचं ठरलं तर केस परत जाते आणि दावा रजिस्टरमध्ये त्याच्या मूळ नंबरावर पुन्हा दाखल होतो. आणखी एक चांगली गोष्ट या नियमातच लिहिली आहे. पहिल्या वेळी जो पुरावा नोंदवला गेला असेल तो, रास्त अपवाद वगळता, रिमांडनंतरही पुरावा म्हणून कायम राहतो. म्हणजे ज्या बुजुर्गांची साक्ष तेव्हा झाली आणि जे आता हयात नाहीत, त्यांचा शब्द वाया जात नाही.

दुसरा प्रकार रूल २३-अ. हा १९७६ च्या दुरुस्तीने आला. सर्व मुद्द्यांवर निकाल झाला होता, पण तो रद्द करून फेरसुनावणी आवश्यक आहे असं अपील कोर्टाला वाटलं तर या नियमाखाली रिमांड होतं. इथे अपील कोर्टाने हात आखडता ठेवावा अशी सुप्रीम कोर्टाची भूमिका आहे. पी. पुरुषोत्तम रेड्डी विरुद्ध प्रताप स्टील्स या २००२ च्या निकालात कोर्टाने स्पष्ट केलं की कारण नसताना केस परत पाठवली तर जो वाद संपायला हवा त्याचं आयुष्य उगाच वाढतं. आधी, १९९९ मध्ये, अश्विनकुमार पटेल यांच्या प्रकरणातही हेच सांगितलं होतं: पुरावा समोर आहे, तर खालच्या निकालातल्या त्रुटींवर बोट ठेवून केस परत पाठवण्याऐवजी वरच्या कोर्टाने स्वतः निर्णय करावा. रूल २४ तर तेच सांगतो. रेकॉर्डवरचा पुरावा पुरेसा असेल तर अपील कोर्ट गरज पडल्यास मुद्दे नव्याने काढूनही अंतिम निकाल देऊ शकतं.

प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना माहीत आहे. दहा-बारा वर्षांनी लागलेला निकाल रिमांड होतो, खाली न्यायाधीश बदललेले असतात, साक्षीदारांपैकी कुणी कब्रस्तानात पोहोचलेलं असतं. मला विचाराल तर सरसकट रिमांडमध्ये सर्वांत जास्त फरफट होते ती ज्याच्या हाती ताबा नाही त्याची, आणि आपल्या घरांत ती व्यक्ती बहुधा बहीण किंवा विधवा असते. ज्याच्या ताब्यात घर आहे त्याला उशिराचा त्रास कमी, उलट फायदाच.

फक्त एक मुद्दा खाली जातो तेव्हा

रूल २५ हा माझ्या मते सर्वांत कामाचा आणि सर्वांत कमी समजलेला नियम. खालच्या कोर्टाने एखादा महत्त्वाचा मुद्दा काढलाच नसेल किंवा त्यावर निर्णयच दिला नसेल, तर अपील कोर्ट तो मुद्दा लिहून खाली पाठवतं, गरज असेल तर जादा पुरावा घ्यायला सांगतं आणि मुदत घालून देतं. खालचं कोर्ट पुरावा घेऊन आपला निष्कर्ष कारणांसह वर पाठवतं. या काळात अपील निकाली निघालेलं नसतं. ते वर तसंच जिवंत असतं. म्हणून दोन ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं, आणि खालचा निष्कर्ष आपल्याविरुद्ध गेला तर रूल २६ खाली अपील कोर्टाने ठरवून दिलेल्या वेळेत लेखी हरकत द्यावी लागते. ती हरकत दिली नाही म्हणून लोक नंतर हळहळतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वडिलांच्या इंतकालानंतर बहीण आपल्या हिश्श्यासाठी वाटपाचा दावा लावते. भाऊ म्हणतो, "अब्बांनी हयातीतच घर मला हिबा केलं होतं, वाटायला काही उरलंच नाही." मुस्लिम कायद्यात हिबा तोंडीही होऊ शकतो. लेखी कागद झाला असला तरी केवळ तेवढ्याने तो नोंदणीकृत असलाच पाहिजे असं नाही. हफीझा बीबी विरुद्ध शेख फरीद या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे मांडलं. मात्र तीन गोष्टी सिद्ध कराव्याच लागतात: देणाऱ्याने हिबा जाहीर केला, घेणाऱ्याने तो कबूल केला आणि ताबा दिला गेला. आता समजा खालच्या कोर्टाने हिबा झाला का एवढाच मुद्दा काढला, दोन साक्षीदारांवर विश्वास ठेवला आणि बहिणीचा दावा फेटाळला. ताब्याबद्दल निकालपत्रात एक ओळही नाही. अपिलात जिल्हा न्यायाधीश म्हणतात, ताब्याचा मुद्दा काढा, त्यावर पुरावा घ्या आणि निष्कर्ष पाठवा.

अशा वेळी बहिणीने काय समजावं? तिचा हिस्सा मंजूर झालेला नाही. पण सिद्ध करण्याचा भार भावावर आहे आणि नेमकी त्याचीच बाजू आता तपासली जाणार आहे. अब्बा शेवटपर्यंत त्याच घरात राहत होते का, भाडेकरूंचं भाडं कोण घेत होतं, घरपट्टी आणि लाइट बिल कुणाच्या नावावर होतं, हिबा झाला म्हणतात त्या दिवशी कोण कोण हजर होतं, यावर उलटतपास होईल. बाप आणि मुलगा एकाच घरात राहत असतील तर ताबा दिला म्हणजे नेमकं काय केलं, हा प्रश्न बारकाईने पाहिला जातो. बापाने घर सोडून बाहेर पडलंच पाहिजे असंही नाही. भावाने सिटी सर्व्हेचा उतारा किंवा फेरफार पुढे केला तर एवढं लक्षात ठेवावं की तो महसुली नोंदीचा कागद आहे, मालकी तेवढ्यावर ठरत नाही.

आणि खालच्या कोर्टाने काय करू नये? फक्त ताब्याचा मुद्दा पाठवला असताना ते वारसाहक्काचं सगळं प्रकरण नव्याने उघडू शकत नाही. भावाने या निमित्ताने घुसवलेले दहा नवे साक्षीदार, ज्यांचा ताब्याशी संबंध नाही, त्यांना हरकत घ्यायची जागा हीच.

जादा पुरावा: ट्रंकेत सापडलेला कागद

दावा हरल्यावर घरातली जुनी ट्रंक उघडली जाते आणि कागद सापडतो. अब्बांच्या हातची उर्दू चिठ्ठी, जुनी भाडेपावती, मेहेरबद्दल लिहिलेला निकाहनामा. मग म्हणतात, अपिलात दाखल करू. इथे रूल २७ आडवा येतो. या नियमाची सुरुवातच अशी आहे की अपिलात पक्षकारांना जादा पुरावा देण्याचा हक्क नाही. अपवाद तीन. खालच्या कोर्टाने जो पुरावा घ्यायला हवा होता तो नाकारला असेल. किंवा योग्य ती दक्षता घेऊनही तो पुरावा तेव्हा माहीत नव्हता अथवा मिळू शकला नव्हता हे तुम्ही दाखवून दिलं असेल. किंवा निकाल देण्यासाठी अथवा दुसऱ्या सबळ कारणासाठी खुद्द कोर्टालाच तो कागद वा साक्षीदार हवा असेल. परवानगी देताना कोर्टाने कारण लिहावं लागतं.

'वकिलांनी तेव्हा सांगितलं नाही' हे कारण सहसा चालत नाही. 'आम्ही अशिक्षित' हेही एकट्याने पुरत नाही. केसमधली भोकं बुजवण्यासाठी हा नियम नाही, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलं आहे. यातला वारंवार दाखला दिला जाणारा निकाल म्हणजे युनियन ऑफ इंडिया विरुद्ध इब्राहिम उद्दीन, २०१२. त्यात कोर्टाने या नियमाचा सविस्तर ऊहापोह केला. जादा पुराव्याचा अर्ज अपिलाच्या अंतिम सुनावणीच्या वेळीच विचारात घ्यायचा, कारण रेकॉर्डवरचा पुरावा वाचल्याशिवाय नव्या पुराव्याची गरज आहे की नाही हे कळणार कसं? त्या प्रकरणात सुनावणीच्या कितीतरी आधी असा अर्ज मंजूर झाला होता; सुप्रीम कोर्टाने तो हुकूम जमेस धरला नाही. शिवाय दाव्यात किंवा कैफियतीत जी गोष्ट मांडलीच नाही तिचा पुरावा नंतर आणून उपयोग नाही, हेही त्यात स्पष्ट केलं आहे. तेव्हा ट्रंकेतला कागद सापडला तरी मूळ कैफियतीत त्याचा धागा असावा लागतो.

अर्ज द्यायचाच असेल तर प्रतिज्ञापत्रात साध्या भाषेत तीन गोष्टी याव्यात: कागद कुणाकडे होता, कधी आणि कसा सापडला, आणि त्याआधी तो शोधण्याचा काय प्रयत्न केला होता. तारखांसह. "अलीकडेच सापडला" एवढ्यावर न्यायाधीश भुवया उंचावतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

अर्ज मंजूर झाला म्हणजे कागद सिद्ध झाला असंही नाही. रूल २८ प्रमाणे अपील कोर्ट स्वतः तो पुरावा नोंदवतं किंवा खालच्या कोर्टाला नोंदवून पाठवायला सांगतं, आणि रूल २९ प्रमाणे कुठल्या मुद्द्यापुरता पुरावा घ्यायचा ते ठरवून देतं. त्या चिठ्ठीवरची सही ओळखणारा माणूस उभा करावा लागेल, त्याचा उलटतपास होईल आणि समोरच्याला खंडन करायची संधी मिळेल. उर्दू, फार्सी किंवा मोडी कागद असेल तर मराठी अथवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. उर्दू शिकवणारा म्हणून एक आगाऊ सल्ला देतो. जुन्या शिकस्ता अक्षरातला कागद घरच्या कुणाकडून घाईने वाचून घेऊ नका. 'दिया' आणि 'देना' यातला फरक हिबामध्ये जमीन-अस्मानाचा होऊ शकतो. जाणकाराकडून भाषांतर करून घ्या आणि तो साक्षीला यायला तयार आहे का तेही आधीच विचारा.

हद्दीच्या आणि अतिक्रमणाच्या वादात जादा पुरावा म्हणजे बहुधा मोजणी. दोन्ही बाजू आपापले नकाशे दाखवतात, पण प्रत्यक्ष जागेवर फीत कुणी लावलेलीच नसते. ऑर्डर २६ रूल ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी व मोजणी करता येते; आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीदाराकडे जातं. हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती स्वरूप या प्रकरणात वाद वक्फच्या जमिनीच्या हद्दीचाच होता. अशा वादात कमिशनर नेमून मोजणी करून घ्यायला हवी होती, असं म्हणत सुप्रीम कोर्टाने प्रकरण परत पाठवलं. कब्रस्तान किंवा दर्ग्याच्या जागेच्या कमिट्यांनी हे ध्यानात घ्यावं आणि मोजणीचा अर्ज पहिल्याच टप्प्यावर द्यावा. वीस वर्षांनी मोजायला गेलं की जागेवर दुकानं उभी असतात आणि जुने दगड कुणी हलवले हे सांगणारं कुणी उरत नाही.

वक्फचा विषय निघालाच आहे तर एक बदल सांगून टाकतो. वक्फ ट्रिब्युनलच्या निर्णयावर पूर्वी अपील नव्हतं, हायकोर्टात फक्त फेरतपासणीचा रस्ता होता. २०२५ च्या दुरुस्तीनंतर हायकोर्टात ९० दिवसांत अपील करता येतं.

खर्चाचा हुकूम

हुकुमाच्या शेवटी एक छोटी ओळ असते: 'खर्च ज्याचा त्याने सोसावा', 'खर्च अंतिम निकालाप्रमाणे', किंवा 'प्रतिवादीने वादीला अमुक रुपये खर्च द्यावा, या अटीवर'. या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत.

कलम ३५ चा साधा नियम असा की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, आणि कोर्टाला तसं करायचं नसेल तर कारण लिहावं. रिमांडमध्ये अजून कुणी जिंकलेलं नसतं, म्हणून बऱ्याचदा खर्च अंतिम निकालावर सोडला जातो. तसं असेल तर आतापर्यंतच्या पावत्या जपून ठेवा. ऑर्डर २०-अ प्रमाणे खर्चात नोटिशीचा, टायपिंगचा, रेकॉर्ड पाहण्याचा, साक्षीदार आणण्याचा आणि अपिलासाठी घेतलेल्या नकलांचा खर्चही धरता येतो. मोजणीची फी कोर्टामार्फत भरली असेल तर तिचीही पावती फाइलला लावा.

अटीचा खर्च मात्र फार जपण्याची गोष्ट. उशिरा आलेल्या माणसाला साक्ष देण्याची संधी देताना, किंवा एकतर्फी निकाल बाजूला ठेवताना कोर्ट म्हणतं, अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत भरल्यास. ती तारीख चुकली तर मिळालेली संधीच जाते. समोरचा पैसे घ्यायला नकार देतो, वकील गावाला गेलेत, ईद आली, असली कारणं नंतर सांगत बसू नका. कोर्टात नाझरकडे भरा आणि पावती घ्या. मुदत वाढवून मागायची असेल तर कलम १४८ खाली अर्ज मुदतीच्या आतच करणं शहाणपणाचं. या कलमात वाढीव मुदतीची मर्यादा एकूण ३० दिवस अशी लिहिली आहे, आणि माणसाच्या हाताबाहेरचं कारण असल्याशिवाय त्यापुढे जाण्याची अपेक्षा ठेवू नये. आणि तुम्ही खर्च घेणाऱ्या बाजूला असाल, वरच्या कोर्टात त्या हुकुमाला आव्हान द्यायचा विचार असेल, तर मुकाट्याने पैसे खिशात टाकू नका. हरकत राखून स्वीकारले असं लिहून द्या किंवा आधी वकिलांना विचारा. अटीचे पैसे घेतल्यावर तोच हुकूम चुकीचा म्हणणं अवघड जातं.

तारखा लांबवणाऱ्यासाठी कलम ३५-ब आहे. त्या दिवशी लागलेला खर्च पुढच्या तारखेला भरणं ही दावा किंवा बचाव पुढे चालवण्याची पूर्वअट ठरते. खर्च भरला नाही म्हणून सगळा दावाच फेटाळायचा का, यावर सुप्रीम कोर्टाने मनोहर सिंग विरुद्ध डी. एस. शर्मा या २००९ च्या निकालात नाही असं उत्तर दिलं, पण खर्च न भरणाऱ्याचा पुढचा सहभाग थांबतो हेही सांगितलं.

आता कडू भाग. खर्च मिळाला तरी तो खऱ्या खर्चाच्या जवळपास जात नाही. खोट्या किंवा त्रासदायक दाव्यासाठी कलम ३५-अ खाली जी भरपाई मिळते तिची कमाल मर्यादा आजही तीन हजार रुपये आहे, आणि हे कलम अपिलाला लागूच नाही. खर्च वास्तवाला धरून असावा असं सुप्रीम कोर्टाने सेलम बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालापासून वारंवार म्हटलं. विनोद सेठ यांच्या २०१० च्या प्रकरणात तीन हजारांची मर्यादा कालबाह्य असल्याचंही म्हटलं. पण संजीव कुमार जैन यांच्या २०११ च्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने सुमारे ४५ लाखांचा प्रत्यक्ष खर्च मंजूर केला, तेव्हा सुप्रीम कोर्टाला म्हणावं लागलं की इच्छा कितीही असली तरी नियमांपलीकडे जाता येत नाही. तीन हजारात आज मुंबईच्या हायकोर्टात दोन तारखांचं जाणं-येणंही होत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांचा प्रवास कमी झाला, एवढाच दिलासा.

ज्या बहिणींना वकील परवडत नाही त्यांनी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही मदत अपिलातही मिळते आणि केस रिमांड होऊन खाली आल्यावरही.

हुकूम हातात आल्यावर

निकालाच्या दिवशीच सर्टिफाइड नकलेचा अर्ज द्या. नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज करण्याआधी आपण घालवलेले दिवस आपल्याच खात्यात.

मग शेवटचं पान शांतपणे वाचा. रूल २३ की २३-अ की २५? निकाल पूर्ण रद्द झाला की काही मुद्दे कायम ठेवले? जादा पुरावा दोघांना की एकालाच? १९७६ मध्ये आलेल्या रूल २६-अ प्रमाणे रिमांड करताना अपील कोर्टाने खालच्या कोर्टात हजर राहायची तारीख ठरवून द्यायची असते. नोटीस येईल म्हणून घरी बसणाऱ्यांचा दावा गैरहजेरीत निघतो, किंवा त्यांच्याविरुद्ध एकतर्फी चालतो, तो यामुळेच. खालच्या वकिलांचं वकीलपत्र अजून चालू आहे का तेही विचारा.

मनाई हुकुमाचं काय झालं, हे वेगळं विचारायला हवं. आधी घर विकायला मनाई होती, मग दावा फेटाळला गेला, मग तो निकाल रद्द होऊन केस परत आली. या मधल्या काळात जुनी मनाई आपोआप जिवंत झाली असं गृहीत धरू नका. हुकुमात स्पष्ट लिहून घ्या किंवा खाली पहिल्याच तारखेला निशाणी ५ चा अर्ज द्या. आणि खालच्या निकालाच्या जोरावर समोरच्याने पैसे किंवा ताबा घेतलेला असेल तर तो परत मागण्यासाठी कलम १४४ आहे.

रिमांडच मान्य नसेल तर? रूल २३ किंवा २३-अ खालच्या रिमांडच्या हुकुमावर ऑर्डर ४३ रूल १(यू) प्रमाणे अपील करता येतं. जिल्हा कोर्टाच्या हुकुमाविरुद्ध ते हायकोर्टात जातं आणि मुदत ९० दिवसांची. हे अपील सोपं नाही, त्यात महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न दाखवावा लागतो. पण कलम १०५ चं दुसरं पोटकलम डोळ्यांसमोर असू द्या: ज्या रिमांडवर अपील करता येत होतं ते केलं नाही, तर पुढे कधीही ते रिमांड चुकीचं होतं असं म्हणता येत नाही. रूल २५ खाली फक्त मुद्दा पाठवला असेल तर हे अपील नाही. तिथे हरकतीची जागा अपिलाच्या अंतिम सुनावणीत.

पोटगीच्या केसेसना हे सगळे नियम जसेच्या तसे लागू नाहीत, त्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं १२५) चालतात. पण तिथेही रक्कम ठरवताना उत्पन्नाचा पुरावाच नव्हता म्हणून प्रकरण परत पाठवलं जातं. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं आवश्यक झालं आहे. ते सुरुवातीलाच पूर्ण भरलं, बँकेचे उतारे जोडले, तर केस परत येण्याचं एक मोठं कारण संपतं. परत आलीच, तर अंतरिम पोटगी चालू राहील असं हुकुमात लिहून घ्यायला आपल्या वकिलांना सांगा.

आणि शेवटी पैशाची एक बारीक गोष्ट, जी विचारायची राहून जाते. रूल २३ खाली रिमांड झालं असेल तर अपिलावर भरलेली कोर्ट फी परत मिळण्याची तरतूद कोर्ट फीच्या कायद्यात आहे. त्यासाठी अपील कोर्टाकडून सर्टिफिकेट मागावं लागतं. ते आपण होऊन कुणी घरी आणून देत नाही, तेव्हा नकलेच्या अर्जाबरोबरच वकिलांना त्याबद्दल विचारून घ्या.